कठडा जवळ येतोय

"पितळी खिळ्यांवर ट्रायपॉड, पांढऱ्या रेघेवर रिंग, आणि त्यापुढे प्रश्न विचारायचा नाही."

या घरात आल्यावर मी ऐकलेला आजोबांचा पहिला नियम हा. मला स्वतःला कान नाहीत. पण माझ्या शेजारी आवाज टिपणारा माईक राहतो आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. त्याच्याकडून मला सगळं कळतं.

मी एका आरसा नसलेल्या कॅमेऱ्याची नजर बोलतेय. दुकानदार मला ऑटोफोकस सेन्सर म्हणतात. रंग टिपणं, उजेड मोजणं, फोटो साठवणं ही कामं दुसऱ्यांची. समोरची वस्तू नेमकी किती लांब आहे, एवढंच मी बघते. आणि एक वस्तू जिथे असायला हवी तिथे नाही, हे मी गेलं वर्षभर जिवाच्या आकांताने सांगू पाहतेय.

पण आधी माझ्याविषयी. नाहीतर तुम्हीही काकांसारखं म्हणाल, "तिचं काय ऐकायचं!"

माझा जन्म झाला त्या खोलीत धुळीच्या कणालाही मज्जाव होता. माणसं नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली, नुसते डोळे उघडे. एका चकचकीत चकतीवर आम्ही बहिणी एकमेकींना चिकटून वाढलो आणि मग पात्याने वेगळ्या झालो. काडेपेटीहून लहान असा माझा देह, आणि त्यावर कोट्यवधी ठिपके. बहुतेक ठिपके पूर्ण उघडे असतात. त्यांच्यात अधूनमधून पेरलेले काही ठिपके मात्र अर्धे झाकलेले असतात. काहींची डावी बाजू झाकलेली, काहींची उजवी. ते अर्धे झाकलेले ठिपके म्हणजे मी.

ऐकायला हे व्यंग वाटतं. तीच माझी ताकद आहे. डावी बाजू झाकलेले ठिपके लेन्सच्या एका कडेने आलेला उजेड बघतात, उजवी झाकलेले दुसऱ्या कडेने आलेला. म्हणजे एकाच वस्तूची मला दोन चित्रं दिसतात. वस्तू फोकसमध्ये असली की ती दोन्ही चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसतात. नसली की सरकतात, एक इकडे, एक तिकडे. कोणतं चित्र कुठल्या बाजूला गेलं त्यावरून वस्तू ठरल्या जागेच्या अलीकडे आहे की पलीकडे ते कळतं, आणि किती सरकलं त्यावरून किती. मग मी लेन्सच्या मोटरला सांगते, इतकी फीर आणि थांब. पापणी लवायच्या आत काम फत्ते.

एकाच बाजूने बघून मला काहीही कळत नाही. माणसांना मात्र कळतं, असं त्यांना वाटतं.

मी सर्वज्ञ नाही. कोऱ्या भिंतीपुढे मी चाचपडते. अंधारात माझी त्रेधा उडते. नुसत्या आडव्या रेघा समोर आल्या तर माझी दोन्ही चित्रं डावी-उजवीकडे कितीही सरकली तरी सारखीच दिसतात आणि मी गोंधळते. हे मी आधीच कबूल करते, कारण पुढे हेच माझ्या तोंडावर फेकलं गेलं.

मला घरी आणलं ठिणगीने. तिचं खरं नाव दुसरं असणार, पण स्टुडिओत सगळे तिला ठिणगीच म्हणतात. कॉलेज संपवून ती काकांच्या हाताखाली आली होती. काका म्हणजे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. स्टुडिओ तेच चालवतात. आणि स्टुडिओ उभा केला आजोबांनी. ते आता काउंटरमागच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवतात.

खोकं उघडलं तेव्हा आजोबांनी कॅमेऱ्याच्या पोटात डोकावून पाहिलं. "ह्यात आरसाच नाही? मग हा बघतो कशात?"

"आजोबा, तुम्ही बघता तेव्हा तुमच्या डोक्यात आरसा असतो का?"

"हिच्या डोक्यात नक्की असतो," काका म्हणाले. "सकाळपासून दहा वेळा बघते."

"तुम्ही बघत नाही म्हणून तर शर्टाची बटणं वरखाली लागलीत."

काकांनी खाली बघितलं. खरंच लागली होती.

माझ्या आधी इथे आरशाचा कॅमेरा होता. त्याची नजर त्याच्या पोटात तळाशी बसायची. आरसा तिला थोडा उजेड खाली पाठवायचा आणि ती त्यावर गुजराण करायची. फोटो उमटायचा एका जागी आणि फोकस ठरायचा दुसऱ्या. दोन जागांत केसाइतका फरक पडला की नेम चुकायचा, मग काका त्याला दुरुस्तीला न्यायचे. शिवाय त्या बिचारीला चौकटीचा फक्त मधला तुकडा दिसायचा. कडेला काय चाललंय याची तिला गंधवार्ता नसायची. माझं तसं नाही. फोटो जिथे उमटतो तिथेच मी आहे, आणि चौकटीच्या जवळजवळ कडेपर्यंत पसरलेली आहे. हा फरक लक्षात ठेवा. काकांनी ठेवला नाही.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. ओळखपत्राचे फोटो, बाळांचे फोटो, नोकरीच्या अर्जाचे फोटो. माणसं कॅमेऱ्यापुढे आली की श्वास रोखतात, हे मला फार चमत्कारिक वाटायचं. जणू समोर काहीतरी घातक आहे. आणि खरंच घातक असतं तिथे हीच माणसं हसत उभी राहतात, दात दाखवतात, शेजारणीला कोपर मारतात. हे मी पुढे बघितलं.

गावातल्या नर्सिंगच्या शाळेचं काम स्टुडिओकडे आजोबांच्या तरुणपणापासून आहे. शाळेची इमारत जुनी. मधे फरसबंद चौक. चौकाच्या एका बाजूला दगडी खांब, खांबांवर लाकडी सज्जा, सज्जाला आडव्या पट्ट्यांचा कठडा. दोन्ही अंगांना भिंती, म्हणून सज्जा बाजूने कुणाला दिसत नाही, फक्त समोरून दिसतो. दरवर्षी शेवटच्या वर्गाच्या मुली त्या सज्जात उभ्या राहतात, पुढच्या रांगेतल्या कठड्याला टेकून, मागच्या बाकांवर चढून. बरोबर त्यांच्याखाली, खांबांच्या पुढे, खुर्च्यांवर शिक्षिका. कॅमेरा समोरच्या चौथऱ्यावर.

चौथऱ्यात आजोबांनी तीन पितळी खिळे ठोकून घेतलेत, ट्रायपॉडच्या तीन पायांसाठी. टेपने अंतर मोजून लेन्सच्या फोकस फिरवायच्या रिंगवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढलीय. लेन्स बदलली तेव्हा काकांनी तीच रेघ नव्या लेन्सवर उतरवून घेतली. कारण शाळेच्या लांबलचक दालनात हे सगळे फोटो एकाला एक लावून टांगलेत, आणि त्या सगळ्यांमधून कठडा एकच सरळ रेघ होऊन जातो. पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत. पाहुणे आले की मेट्रनबाई त्यांना तिथे उभं करून दाखवतात. आजोबांनी आयुष्यात फुशारकी मारली असेल तर त्या रेघेची.

गेल्या वर्षी माझी तिथे पहिली खेप. काकांची जुनी लांब पल्ल्याची लेन्स माझ्यापुढे बसवली. लेन्सबाई वयस्कर, अंगाने जड, आणि हेका सोडणाऱ्यांपैकी नाहीत. काकांनी रिंग पांढऱ्या रेघेवर आणली. ठिणगीने माझी खिडकी, म्हणजे मी बघायचा तो छोटा चौकोन, कठड्यावर ठेवली. हाताने फोकस करताना मी दोन छोटे बाण दाखवते. ते समोरासमोर भिडले आणि हिरवे झाले की जमलं.

भिडले नाहीत. माझा बाण म्हणत होता, अलीकडे. वस्तू रेघेपेक्षा जवळ आहे.

"काका, हे जुळत नाही."

"रेघेवर आहे ना? मग जुळलं."

"बाण..."

"बाणाला म्हणावं, तू काल आलास." काकांनी लेन्सचं छिद्र बारीक केलं आणि शटर दाबलं. छिद्र बारीक असलं की पुढचं-मागचं बरंच काही फोकसमध्ये सामावून जातं. फोटोत सगळे चेहरे स्वच्छ आले. चूक झाकायला ह्याहून सोपी युक्ती नाही.

"बघ," काका म्हणाले. "दिसतंय काही वावगं?"

फोटोत दिसत नव्हतं. मी बघते ते छिद्र पूर्ण उघडं असताना, फोटो निघायच्या आधी. मला दिसलं होतं. पण मला बोलायला दोन बाण आणि एक हिरवा ठिपका, एवढीच वाचा.

त्या संध्याकाळी काकांनी लेन्सवरचा ऑटोफोकसचा खटका बंद केला आणि त्यावर काळी टेप चिकटवली. "शाळेच्या कामाला हिची लुडबूड नको," असं म्हणून माझे बाणही बंद करून टाकले. तेव्हापासून शाळेत गेलं की मला हाताची घडी, तोंडावर बोट. तिथल्या निरोप समारंभाला गेले, गाण्याच्या कार्यक्रमाला गेले. लेन्सचं तोंड सज्जाकडे वळलं की माझी दोन चित्रं एकमेकांपासून सुटायची. प्रत्येक वेळी थोडी जास्त. दगडी खांब जागच्या जागी होते. चौक जागच्या जागी होता. फक्त तो कठडा, वरच्या कडेपासून, माझ्याकडे येत होता. समोरून सरळ अंगावर येणारी गोष्ट माणसाच्या डोळ्याला हललेली दिसतच नाही. बाजूने बघितली तर दिसेल, आणि बाजूला तर भिंती. माझं कामच ते आहे, आणि माझ्याच तोंडावर टेप.

त्या मुली तिथे उभ्या राहून खाली वाकून मैत्रिणींना हाका मारायच्या. मला घाम फुटत नाही, नाहीतर फुटला असता.

आज पुन्हा शेवटच्या वर्गाचा फोटो आहे. हे मी सांगतेय तेव्हा मी त्याच चौथऱ्यावर, त्याच तीन खिळ्यांवर उभी आहे.

सकाळी दालनातून येताना ठिणगी थांबली. गेल्या काही वर्षांच्या फोटोंच्या कडा तिने बोटांनी चाचपल्या. मग काकांना विचारलं, "हे फोटो तुम्ही वरून कातरता?"

"प्रिंट करताना जरासं करावं लागतं. रेघ जुळायला हवी ना."

"आजोबाही कातरायचे?"

"त्यांच्या वेळी गरज नव्हती."

"मग तुम्हाला का लागते?"

"कागद बदलले," काका म्हणाले आणि पुढे चालू लागले.

ती तिथेच उभी राहिली. मग चौथऱ्यावर येऊन तिने लेन्सवरची काळी टेप नखाने खरवडून काढली आणि माझे बाण पुन्हा चालू केले. माझा आवाज मला परत मिळाला तो असा.

मुली जमायला लागल्या होत्या. पाचसहा जणी आधीच वर जाऊन बाक सरकवत होत्या. "ताई, माझं नाक या बाजूने चांगलं दिसतं!" वरून एक ओरडली. "अगं, तुझं नाक कुठल्याही बाजूने आधी पोचतं," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या कठड्यावर रेलून हसल्या.

ठिणगीने रिंग पांढऱ्या रेघेवर आणली. ट्रायपॉडच्या पातळी दाखवणाऱ्या नळीतला बुडबुडा मधोमध होता, कॅमेरा सपाट. तिने माझी खिडकी आधी दगडी खांबावर नेली. हिरवा. मग कॅमेरा जराही न हलवता खिडकी वर सरकवत कठड्यावर नेली. बाण सुटले. पुन्हा खांब, हिरवा. पुन्हा कठडा. अलीकडे, अलीकडे, अलीकडे.

"काका, इकडे या."

काकांनी डोळा लावला. "बॅक फोकस आहे, नेम मागे पडतोय. दुरुस्तीला टाकू."

"तो आरशाच्या कॅमेऱ्याचा आजार. ह्यात फोटो आणि फोकस एकाच जागी. आणि बिघाड असता तर खांबावरही चुकला असता ना?"

"आडव्या पट्ट्या आहेत कठड्याला. आडव्या रेघांवर हे गंडतात. तूच सांगितलं होतंस."

सांगितलं होतं, आणि खरंही होतं. ठिणगीने ट्रायपॉडचं डोकं वळवून कॅमेरा उभा केला. त्या आडव्या पट्ट्या आता माझ्यासाठी उभ्या झाल्या. माझी दोन चित्रं लख्ख वेगळी दिसली. मी जीव तोडून बाण दाखवला. अलीकडे.

आजोबा काठी टेकत चौथऱ्यावर आले. "काय चाललंय? कॅमेरा उभा कुणी केला?"

"आजोबा, रेघ तुम्ही ओढलीत तेव्हा खांब आणि कठडा एका रेषेत होते?"

"म्हणजे काय! मी स्वतः टेपने मोजलंय. दोन्ही एकाच मापावर. म्हणून तर एका रेघेत काम होतं."

"आता नाहीत."

"खूण माझी आहे, पोरी. खूण चुकत नाही."

"खूण नाही चुकली. कठडा हललाय."

आजोबा हसले. म्हातारी माणसं असं हसतात तेव्हा मला माझा जन्म फुकट गेल्यासारखा वाटतो. "दगडविटांचं घर ते, चालत येतं की काय!"

ठिणगी चौथऱ्यावरून उडी मारून चौकात उतरली. "वरच्या मुलींनो, कठड्याला हात न लावता एक काम करा. कुणाकडे बँडेजची गुंडाळी आहे?"

"नर्सना विचारताय होय, ताई!" नाकवाली ओरडली. तिने एका टोकाला कात्री बांधली आणि ठिणगी सांगेल तशी, कठड्याच्या बाहेरच्या कडेवरून बँडेज हळूहळू खाली सोडलं. कात्री झुलली, झुलली आणि स्थिर झाली. गवंडी ओळंबा सोडतात तसा तो पांढरा पट्टा सरळ लोंबत राहिला.

कात्री खांबाच्या पायथ्याला लागायला हवी होती. ती खांबापासून वीतभर अलीकडे, खुर्च्यांच्या मागच्या रांगेवर लोंबत होती.

ठिणगीने खाली वाकून खांब आणि पट्टा यांच्यामध्ये हाताची वीत ठेवली. मग वर बघितलं. सज्जाच्या खालच्या तुळईजवळ, भिंतीला जोड होता तिथे, बोट जाईल एवढी काळी फट होती. तिच्यातून बारीक भुसा खुर्च्यांच्या पांढऱ्या अभ्र्यांवर पडलेला होता. कुणीतरी सकाळी तो झटकून खुर्च्या मांडल्या असणार, आणि तो पुन्हा पडला.

तेवढ्यात मेट्रनबाई आल्या. पाठोपाठ उरलेला अख्खा वर्ग, धुतलेल्या कडक गणवेशात. "काय खोळंबा आहे? चला गं, वर चढा. उन्हाचा रंग बदलला की फोटो बिघडतो."

"बाई, कुणी चढू नका. आणि वरच्या मुलींना खाली बोलवा. सज्जा पुढे झुकलाय."

मेट्रनबाईंनी काकांकडे बघितलं. "ही कोण?"

"माझी पुतणी. जरा उतावीळ आहे," काका घाईघाईने म्हणाले. "शब्द मागे घेते लगेच. घे गं मागे. रिंग रेघेवर आण."

"काका, कात्री बघा."

"पाहिली! जुन्या इमारती थोड्याफार झुकतातच. आजवर काय झालं?"

"आजवर तुम्ही कातरत आलात," ठिणगी म्हणाली. "दरवर्षी थोडं जास्त. कठडा रेघेतून सुटत होता आणि तुम्ही कात्रीने जुळवत होतात. तुमच्या हाताला कळलं होतं, काका. डोक्याला कळू दिलं नाहीत."

काकांचा चेहरा पडला. पण आजोबा काठी आपटून म्हणाले, "पुरे! मोठ्यांशी बोलायची ही पद्धत? एवढी वर्षं हे काम या घराकडे आहे. एका बाणापायी घालवणार?"

"पाच मिनिटांचं तर काम," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता जरा बारीक झाला होता. "नंतर बघून घेऊ सज्जाचं. मुलींचे आईवडील विचारतील फोटो कुठे म्हणून. दालनात एक जागा रिकामी दिसेल."

मी हे सगळं बघतेय, माझी खिडकी अजून कठड्यावर आहे. वरच्या पाचसहा मुली भिंतीला पाठ लावून उभ्या आहेत, श्वास रोखून. आज पहिल्यांदा योग्य जागी रोखलाय. बँडेजची कात्री मघाशी स्थिर होती. आता ती किंचित हलतेय, आणि वारा नाही.

तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे. माझ्यासारखी एखादी तुमच्याही घरात असेल. दोन्ही बाजूंनी बघणारी, फार शब्द नसलेली, आणि तुमच्या लाडक्या खुणेशी न जुळणारी. तिच्या तोंडावर टेप लावण्याआधी एकदा खुणेच्या पलीकडे मान वळवा. मी उद्या दुरुस्तीला जाईन की माळ्यावर, मला ठाऊक नाही. जिथे जाईन तिथे अंतर खरंच सांगेन. मला दुसरं येत नाही.

ठिणगी चौथऱ्यावर चढली. तिने शटर दाबायची वायर काढून खिशात टाकली.

"मी फोटो काढणार नाही," ती म्हणाली. "काका, तुम्हालाही काढू देणार नाही. मुलींनो, भिंतीच्या कडेने, एकेक करून जिन्याकडे जा. पळू नका. बाक तिथेच राहू देत."

पहिली मुलगी जिन्याकडे सरकली. मग दुसरी.

"थांबा गं!" मेट्रनबाई म्हणाल्या. "मी सांगितलंय का? इथे हुकूम कुणाचा चालतो?"

"तुमचाच चालतो, बाई," ठिणगी म्हणाली. "पाच मिनिटांचंच काम म्हणालात ना? मग या तिघं. बाई मधे, आजोबा उजवीकडे, काका डावीकडे. कात्रीच्या खालच्या रांगेत. पाच मिनिटं नुसतं बसून दाखवा. मी लगेच फोटो काढते."

पांढऱ्या अभ्र्यांच्या खुर्च्या चौकात मांडलेल्या होत्या. जिन्यावर मुलींची पावलं वाजत होती.

मेट्रनबाईंनी खुर्चीकडे बघितलं, मग वर. काकांनी मान खाली घातली. आजोबांनी काठी एक पाऊल मागे घेतली. तिघांपैकी कुणीही पाऊल पुढे टाकलं नाही.